नहराच्या पाळीवर सात पंक्चर: रामटेकच्या एका सायकल सहलीचं प्रकरण

डिसेंबरातल्या एका रविवारी आमच्या प्रतापनगरच्या कॉलनीतले ११ जण सायकली घेऊन रामटेकला गेले. कागदावर ४० किलोमीटर आणि सहा ठिकाणं होती. झाले १८ किलोमीटर आणि ठिकाणं तीन, त्यातलं एक अर्धवट. कोणी पडलं नाही, कोणाला लागलं नाही. घरी आल्यावर सगळ्यांनी "मजा आली" असं म्हटलंसुद्धा. पण आखणी माझी होती आणि ती फसली होती. म्हणून तो दिवस मी नंतर तासातासाने कागदावर मांडला. जानेवारीत आम्ही पुन्हा गेलो, त्याचाही हिशेब त्याच वहीत आहे.

मुळात रामटेकच का? आमच्या पोरांना नागपुरातले अंबाझरी आणि फुटाळा तलाव पाठ झालेत. रविवारी सकाळी फुटाळ्याच्या काठाने सायकल चालवायची म्हणजे अर्धा वेळ फुगेवाले आणि सेल्फीवाले चुकवण्यात जातो. रामटेक नागपूरपासून साधारण ५० किलोमीटरवर. गड, गडाच्या पायथ्याशी अंबाळा तलाव, चारेक किलोमीटरवर खिंडसीचं मोठं पाणी, दक्षिणेला नगरधनचा किल्ला, पश्चिमेला महामार्गालगत मनसरचं उत्खनन. आणि या सगळ्या भागातून पेंच प्रकल्पाचे कालवे फिरलेले. नवेगाव खैरीच्या धरणातून डावीकडे निघालेलं पाणी पारशिवनी, रामटेक, मौदा भागातलं धान भिजवतं. तलावही आहेत, कालवेही आहेत. सायकलसाठी अजून काय पाहिजे, असं मला वाटलं.

असं वाटायला आणखी एक कारण होतं. माझी चुलत बहीण अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात राहते. ती दर उन्हाळ्यात ईरी कालव्याच्या काठाने सायकल चालवते आणि फोटो पाठवते. एका बाजूला संथ पाणी, दुसऱ्या बाजूला झाडं, मध्ये सपाट मुरमाड वाट. दर काही मैलांवर एखादं कालव्याकाठचं गाव, तिथे आइस्क्रीम आणि सायकल टेकवायला रॅक. तो फोटो पाहून मी गुगलचा उपग्रह नकाशा उघडला. रामटेकजवळ निळ्या रेघेला चिकटून जाणारी तपकिरी रेघ दिसली आणि मी ती आमच्या मार्गात घातली. ९ किलोमीटर, ताशी १२ च्या वेगाने ४५ मिनिटं. इतका सरळ हिशेब.

गाड्यांची सोय अशी होती: सायकली छोट्या हत्तीत, माणसं टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये. रेल्वेचा विचार केला होता, रामटेकला गाडी जाते, तिथेच लाइन संपते. पण ११ सायकली चढवायच्या-उतरवायच्या म्हटल्यावर तो बेत कॉलनीच्या पारावरच बारगळला. कामठी-कन्हानवरून महामार्गाने सायकलवर जाणं हा तर प्रश्नच नव्हता. आमच्यात १२ वर्षांचा माझा पुतण्या होता, कॉलेजातल्या दोन मुली होत्या आणि बँकेतून निवृत्त झालेले ६४ वर्षांचे काका होते. काकांकडे त्यांची जुनी काळी दांड्याची सायकल. तिच्यावरून मुली सकाळपासून हसत होत्या.

साडेपाचला निघून सव्वासातला पोचलो. हवा भरणं, चहा, हेल्मेटचे पट्टे, कोणाचं तरी सीट खाली सरकलेलं. या सगळ्यात पन्नास मिनिटं गेली. ८.२५ ला आम्ही पुलाजवळून नहराच्या पाळीवर चढलो. आमच्याकडे कालव्याला नहर म्हणतात आणि त्याच्या भरावाला पाळ.

पहिला किलोमीटर खरंच त्या फोटोसारखा होता. रब्बीसाठी पाणी सोडलेलं, नहर वाहता. उजवीकडे धान कापलेल्या बांध्या, त्यात तणसाचे ढीग, मध्येच तुरीचा पिवळा पट्टा. पाळीवर ट्रॅक्टरच्या दोन चाकोऱ्या आणि मधोमध गवत. पुतण्या सर्वांत पुढे. मी मागून व्हिडिओ काढत होतो, तेवढ्यात पहिली सायकल थांबली. मग दुसरी. पहिली काढून झाली नव्हती तोवर तिसरी.

सराटा. पावसाळ्यात जमिनीला चिकटून वाढतो, पिवळी फुलं येतात, दिवाळीनंतर वाळतो आणि त्याची फळं फुटून काटे मातीत पसरतात. फळ कसंही पडलं तरी एक टोक वरच राहतं. मी चष्मा काढून एका टायरवर बोट फिरवलं तर वीतभर जागेत चार काटे होते, पैकी दोन आरपार. काटा उपसला की सुस्कारा ऐकू यायचा. एका मुलीने उत्साहाने सगळे काटे उपसून टाकले आणि मग ट्यूब पूर्ण बसली. काटा रुतलेला असतो तोवर भोक थोडं बुजलेलं असतं, हे आम्हाला तिसऱ्या पंक्चरला कळलं. त्यावर पुढे बाभळीच्या फांद्या. शेतकरी गुरांना अडवायला बांधावर काटी लावतात, ती वाहताना जागोजाग गळते.

एकूण सात पंक्चर झाले, पाच सायकलींना. आमच्याकडे जास्तीच्या ट्यूब तीन, त्यातली एक भलत्याच मापाची. पॅच होते, पण सोल्युशनची नळी गेल्या वर्षीची, अर्धी वाळलेली. पंप एकच. सात पंक्चर आणि एक पंप म्हणजे नऊ माणसं उभी आणि दोन माणसं कामात. काकांच्या दांड्याच्या सायकलीला मात्र काही झालं नाही. तिचा टायर जाड, रबर टणक. काका एका बाभळीखाली सायकल लावून संत्री सोलत बसले होते आणि मुलींना एकेक फोड देत होते. आंबिया बहाराची संत्री होती, गोड. त्या सकाळी कोणी हसत असेल तर तेच.

पंक्चरची तयारी निदान थोडी तरी होती. पुढच्या अडचणीची नव्हतीच. दोनेक किलोमीटरवर एक नाला आला. नहर त्यावरून सिमेंटच्या जलसेतूतून पलीकडे जातो. पाणी सरळ गेलं, पाळ मात्र तिथे संपली. समोर सेतूची हातभर रुंद भिंत, खाली सहा-सात फुटांवर दगडगोटे. उपग्रहातून मला ही तुटकी जागा दिसलीच नव्हती, तिथे झाडांची सावली होती. आम्ही सायकली खांद्यावर घेऊन नाल्यात उतरलो आणि पलीकडे चढलो. ११ सायकली, चौघेच उचलणारे. त्यानंतर गेटच्या ठिकाणी वाट डाव्या काठावरून उजव्या काठावर गेली. मग तीन ठिकाणी शेतकऱ्यांच्या मोटरीचे पाइप पाळीवर आडवे होते. प्रत्येक वेळी उतरा, उचला, चढा.

पाण्याची बाटली पडली ती इथेच. पुतण्या उतरला तेव्हा त्याची स्टीलची बाटली पिंजऱ्यातून सुटली आणि नहराच्या सिमेंटच्या अस्तराच्या उतारावरून गडगडत पाण्याच्या कडेला जाऊन अडकली. पाच-सहा फूट खाली. पोराने सायकल टाकली आणि एक पाय सिमेंटवर ठेवला.

"ए पोट्ट्या, उतरू नको! शेवाळ हाये तिथं!"

थोड्या अंतरावर पायऱ्यांवर एक मावशी कपडे धूत होत्या. त्या धावतच आल्या. पोराने पाय मागे घेतला. मावशींनी एक ओला फडका घेतला आणि त्याच्यासमोर उतारावर टाकला. फडका थांबला नाही, सरळ घसरत पाण्यात गेला आणि आम्ही बघेपर्यंत वीसेक फूट पुढे निघून गेला. वरून पाणी उभं असल्यासारखं दिसत होतं. "आमी पन पायऱ्या सोडून कुठंच नाई उतरत," त्या म्हणाल्या. "गेलं मानूस तर वर येता येत नाई, हात लावाले काई सापडत नाई." बाटलीही तोवर वाहून गेली होती.

वहिनी, म्हणजे पुतण्याची आई, काही बोलल्या नाहीत. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी भरून सांडली आणि पाणी वस्त्यांत शिरलं, तेव्हा त्यांच्या माहेरच्या घरात कमरेएवढं पाणी होतं. तेव्हापासून शांत दिसणाऱ्या पाण्यावर त्यांचा विश्वास नाही. त्यांनी पोराला आपल्या सायकलच्या डाव्या बाजूला, म्हणजे शेताकडे, चालायला लावलं आणि पाळ सोडेपर्यंत त्याला सायकलवर बसू दिलं नाही. मला ते तेव्हा जरा अति वाटलं होतं. आता वाटत नाही.

शेवटी मोटरसायकलवर कालव्याचे चौकीदार आले. माणूस भला, पण वैतागलेला.

"तुमाले कोनं सांगतलं इकडून जा म्हनून?"

मी नकाशाचं नाव सांगितलं.

"नकाशाले काय होते सांगाले? ही पाळ आमची गाडी जायले हाय. गेट पाहाले, फुटली का पाहाले. उद्या तुमचं पोट्टं पडलं तर लोक मले इचारतील."

त्यांचं बरोबर होतं. त्यांनीच आम्हाला पुढच्या पुलावरून डांबरी रस्त्याला लावून दिलं. तेव्हा ११ वाजले होते. ६ किलोमीटर झाले होते.

या १५५ मिनिटांचा हिशेब मी घरी आल्यावर काढला. प्रत्यक्ष पायडल मारलं ती मिनिटं ३०. पंक्चरांत ७०. नाला, गेट आणि पाइपांत २५. उरलेली ३० बाटलीची भानगड, चौकीदारांशी बोलणं आणि मागे राहिलेल्यांची वाट पाहणं यात. म्हणजे ताशी १२ चा माझा आकडा चुकीचा नव्हताच. चाक फिरत होतं तेव्हा आम्ही त्याच वेगाने जात होतो. मी फक्त चाक फिरण्याचाच वेळ धरला होता.

आणि चूक खरी तिथेही नाही. ती बहिणीच्या फोटोत आहे. ईरी कालवा १८१७ ते १८२५ मध्ये खोदला गेला तो नावा चालवण्यासाठी. ऑल्बनी ते बफेलो, ५८४ किलोमीटर. नावेला इंजिन नव्हतं. काठावरून खेचरं दोर ओढत चालायची आणि नाव मागून यायची. खेचरांना रोज तासन्‌तास चालायचं तर वाट सलग पाहिजे, सपाट पाहिजे, ओढा आला तरी तुटायला नको. ती वाट कालव्याएवढीच महत्त्वाची होती. पुढे खेचरं गेली, त्या वाटेचा मोठा भाग सायकलींना मिळाला आणि कालव्याकाठच्या गावांना गिऱ्हाईक मिळालं. आपला नहर पाणी शेतापर्यंत नेतो, माणसाला कुठे नेत नाही. त्याच्या पाळीला फक्त पाणी अडवायचं असतं आणि महिन्यातून काही वेळा एक मोटरसायकल जाऊ द्यायची असते. नाल्यावर पाणी पलीकडे गेलं की त्याचं काम झालं. चढउताराचं म्हणाल तर नहर तिकडच्यापेक्षा फार वेगळा नाही, उतार नजरेलाही कळत नाही. म्हणूनच उपग्रहातून दोन्ही सारखे दिसतात.

खिंडसीला पोचलो ११.५० ला. भूक लागलेली, ऊन डोक्यावर. इंग्रजांच्या काळात सूर नदी अडवून केलेला हा तलाव एवढा मोठा आहे की दुपारी पलीकडचा काठ धुरकट दिसतो. बोटीत बसायची पोरांची इच्छा होती, पण सगळे आधी डब्यांवर तुटून पडले. काठावर उकडलेले शिंगाडे मिळाले. काळे, काटेरी, आतून पिठूळ गोड. काका म्हणाले, "आज काट्यांचाच दिवस दिसतो." १.१५ ला तिथून निघालो. म्हणजे सगळ्यांत सुंदर पाण्यापाशी आम्ही दिवसाच्या सगळ्यांत वाईट वेळी होतो, आणि तेही थकून.

गडावर अडीचला. सायकली खाली ठेवून पायऱ्यांनी वर गेलो. इथे आणखी एक धडा. एका मुलीने हँडलची पिशवी सोबत घेतली होती, त्यात संत्री. वराह मूर्तीच्या अलीकडेच एक मोठं वानर आलं. ओरडलं नाही, दात दाखवले नाहीत. त्याने पिशवीचा पट्टा धरला, चेन उघडली आणि संत्रं काढून घेतलं. हिसकलंही नाही. मग दुसरं संत्रं. तिसऱ्याला तिने पिशवीच सोडून दिली. पिशवीत गाडीची किल्ली नव्हती हे नशीब. वर वाकाटकांच्या काळातलं केवल नरसिंहाचं देऊळ आहे, पाचव्या शतकातलं. ज्या गोष्टीसाठी मी पोरांना इथे आणलं होतं ती हीच. पण त्यांचं सगळं लक्ष वानरांवर. मी दहा मिनिटांत आवरलं.

खाली आलो तेव्हा सव्वाचार. डिसेंबरात आपल्याकडे पावणेसहाच्या आत सूर्य मावळतो. ११ सायकलींत दिवे चौघांकडे. नगरधन जाऊन येऊन १४ किलोमीटर, मग मनसर सातेक. नगरधन आणि मनसर दोन्ही सोडून दिलं. हा दिवसभरातला माझा एकमेव निर्णय, ज्याबद्दल कोणी नंतर काही बोललं नाही. टेम्पोत बसल्यावर पुतण्याने विचारलं, "काका, आपण किल्ला कधी पाहणार?" मी म्हणालो, पुढच्या वेळी. त्याने ते लक्षात ठेवलं.

पुढची वेळ जानेवारीत आली. त्या दरम्यान मी पाळीवर सायकल नेण्याच्या परवानगीसाठी एका कार्यालयात दोनदा गेलो. पहिल्या खेपेला साहेब दौऱ्यावर होते, दुसऱ्या खेपेला अर्ज कोणत्या टेबलावर द्यायचा यावरच अर्धा तास गेला. अर्ज दिला. पोच घेतली. पण खरं सांगायचं तर तोवर मला ती परवानगी फारशी नको होती. वाटच नव्हती तिथे, तर परवानगी घेऊन काय करणार?

रामटेकच्या दुसऱ्या खेपेसाठी मी नकाशा बाजूला ठेवला आणि घड्याळ घेऊन बसलो. सकाळी अंग ताजं असतं आणि ऊन कोवळं असतं, तेव्हा लांबचं अंतर. पायी चालायचं ते दुपारी, सावलीत. पाणी संध्याकाळी. म्हणजे क्रम पूर्ण उलटा: आधी नगरधन, मग अंबाळा आणि गड, शेवटी खिंडसी. मनसरला सायकलने जायचंच नाही. त्या रस्त्यावर ट्रक असतात, आणि परतताना ते गाडीच्या वाटेवरच लागतं. नहर पाहायचा तो रस्त्यावरच्या पुलाशी सायकली लावून, पायी, ८०० मीटर.

९ जण आलो. सामानात प्रत्येक मापाच्या दोन ट्यूब, नवं सोल्युशन, दोन पंप. हँडलवर एकही पिशवी नाही, खाणं डिकीत. मुलींपैकी एकीने बारीक टायरची सायकल घरी ठेवून भावाची जाड टायरची आणली. काकांनी स्वतःची काळीच आणली, आणि या वेळी कोणी हसलं नाही.

आठला नगरधनच्या वाटेला लागलो. गावांतून जाणारा डांबरी रस्ता, खड्डे आहेत पण सलग आहे. कुठे हरभऱ्याला फुलं, कुठे गहू पोटरीत. एका गावात शाळेतली पोरं रस्त्याला येऊन "टाटा" करत उभी. पाऊण तासात किल्ला. परकोटाची भिंत, मोठा दरवाजा. आत आल्यावर पुतण्या तटावर धावत गेला आणि दिसेनासा झाला. त्याला हाक मारून मी सांगितलं, की आपण उभे आहोत ते वाकाटकांचं नंदिवर्धन. २०१५ ते २०१८ मध्ये इथे उत्खनन झालं तेव्हा राणी प्रभावतीगुप्ताच्या नावाची मातीची मुद्रा सापडली, तिच्यावर शंख कोरलेला. "राणीचा स्टॅम्प?" त्याने विचारलं. मी म्हणालो, हो, स्टॅम्पच. तो परत गेला तटावर. पण दुपारी गडावर नरसिंहाच्या देवळासमोर त्याने स्वतःहून विचारलं, की हे त्याच राणीचं का. तेव्हा डिसेंबरातल्या माझ्या दहा मिनिटांच्या भाषणाची मला लाज वाटली. नगरधन आधी पाहिलं म्हणून गड कळला, हे मी आखलं नव्हतं. क्रम उलटल्यामुळे ते आपोआप झालं.

अंबाळ्याच्या घाटावर जेवलो. मग कापूर बावडी. पायऱ्यांची जुनी विहीर, भोवती खांबांची ओवरी, आणि त्या वेळी आमच्याशिवाय कोणी नाही. वहिनी पायऱ्यांवर खूप वेळ बसल्या. पाणी खोल होतं पण हलत नव्हतं, हे त्यांनीच म्हटलं.

खिंडसीला चार वाजता. वारा सुटला होता, तलावावरून थेट तोंडावर. शेवटचा किलोमीटर सगळे वाकून पायडल मारत होते. सूर्य खाली येईस्तोवर बोट झाली, शिंगाडे झाले. साडेपाचला गाडीत. दिवसाचे किलोमीटर २२, म्हणजे डिसेंबरापेक्षा चारच जास्त. पंक्चर एक, तोही टेम्पोतून उतरवताना व्हॉल्व्ह मोडल्यामुळे, म्हणजे पंक्चर म्हणायचं की नाही हाही वाद.

नहर आम्ही सकाळीच पाहिला होता, नगरधनला जाताना. पुलावर सायकली लावल्या आणि पायऱ्यांपर्यंत चालत गेलो. मावशी नव्हत्या. पाणी कमी सोडलेलं होतं, त्यामुळे अस्तरावर शेवाळाची हिरवी पट्टी उघडी पडली होती. पुतण्याने एक खडा त्या पट्टीवर टाकला आणि तो घसरत खाली जाताना पाहिला. मग आणखी एक टाकला.

मनसर या खेपेलाही अर्धवटच राहिलं. गाडी थांबवली तेव्हा अंधारलं होतं. हिडिंबा टेकडीकडे नुसतं बोट दाखवलं. त्यासाठी आता तिसरी खेप ठरतेय. वही पुतण्याकडे आहे, मार्ग तो आखतोय. त्याने नगरधन आणि खिंडसी ठेवलंय, मनसरपुढे "सकाळी, गाडीने" असं लिहिलंय, आणि नहरापुढे कंसात "चालत, बाटली गाडीत".